वाफेची सफाई, कॅटॅलिटिक भिंती आणि दाराची काच: ओव्हनचा बऱ्याच महिन्यांचा अनुभव

हा इलेक्ट्रिक ओव्हन घेताना स्वच्छतेच्या दोन सोयी मला महत्त्वाच्या वाटल्या होत्या. एक, वाफेवर चालणारी सफाई आणि दुसरी, बाजूच्या भिंतींना लावलेलं कॅटॅलिटिक अस्तर, म्हणजे ओव्हन तापला की तेलाचे शिंतोडे जाळून टाकणारा मुलामा. आता बरेच महिने तो नेमाने वापरात आहे. वाफ कामाची निघाली, अस्तर त्याहून कामाचं. दाराच्या काचेसाठी मात्र कुठलीच सोय दिलेली नाही आणि सगळ्यात जास्त मेहनत तिथेच जाते.

आधी वाफेबद्दल. तळाच्या खोलगट भागात पाणी ओतायचं, सफाईचं बटण दाबायचं, मग ओव्हन निवू द्यायचा आणि कोमट असतानाच ओल्या कापडाने पुसून घ्यायचा. त्याच दिवशी उडालेले शिंतोडे असतील तर ते हात न दुखवता निघतात. पण डाग अंगावर घेऊन ओव्हन पुन्हा दोन-चारदा तापला, की वाफेचं फारसं काही चालत नाही. तेल वारंवार तापलं की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि वार्निशसारखा कडक तपकिरी थर तयार होतो. तो थर पाण्यात विरघळतच नाही. म्हणून ‘महिन्यातून एकदा वाफ द्या’ हा सल्ला मला पटत नाही. सांडलं त्या दिवशीच वाफ द्यावी, नाहीतर त्या सोयीचा अर्धा उपयोग वाया जातो.

जुन्या थरावर मी खायच्या सोड्याची दाट पेस्ट लावते आणि रात्रभर राहू देते. सोडा सौम्य अल्कधर्मी असतो, चिकटपणा हळूहळू सैल करतो, आणि त्याचे बारीक कण एनॅमलला ओरखडे न पाडता घासायला मदत करतात. त्यावर व्हिनेगर ओतण्याची पद्धत खूप सांगितली जाते. फेस भरपूर येतो, पण तेवढ्यात दोघांनी एकमेकांचा जोर मारलेला असतो. व्हिनेगर मी वेगळ्या कामाला ठेवते: वाफेच्या पाण्यामुळे तळावर जे पांढरे क्षार बसतात ते त्याने चटकन सुटतात. दोन्हींची कामं वेगळी आहेत, ती वेगळीच ठेवावीत.

आता अस्तर. या भिंती हाताला खरखरीत लागतात, कारण त्यांचा मुलामा सच्छिद्र असतो. साधारण २०० अंशांच्या पुढे तेलाचे शिंतोडे त्यावर जळून नाहीसे होतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. माझ्या भिंती अजून पाहण्यासारख्या आहेत, आणि त्या मी एकदाही घासलेल्या नाहीत. घासायच्याच नसतात! सोडा, फवारा, घासणी यांतलं काहीही लावलं की छिद्रं बुजतात आणि अस्तराचा गुण संपतो. मर्यादाही सांगायला हवी: साखर आणि दूध यांच्यापुढे हे अस्तर हतबल आहे. साखरेचा पाक उतू गेला तर तो ओव्हन सुरक्षितपणे हात घालण्याइतका निवल्याबरोबर काढावा. शिवाय तळ आणि छत यांना हे अस्तर नाही, तिथे साधं एनॅमल आहे.

बाजारातले जोरदार फवारे बहुधा कॉस्टिक सोड्याचे असतात. ते चरबीचा साबण करून टाकतात, म्हणून काम झपाट्याने होतं, हे मान्य. पण त्वचा, डोळे आणि श्वास, तिन्हींना ते घातक आहेत. ॲल्युमिनियमचे ट्रे त्यांनी खाल्ले जातात. हीटरच्या कांबीवर आणि दाराभोवतीच्या, उष्णता आत अडवणाऱ्या पट्टीवर तर ते मुळीच पडू देऊ नयेत. या ओव्हनसाठी मला त्यांची गरज पडलेली नाही.

दाराकडे वळते. दोन काचांच्या मधे तेलाची वाफ शिरते आणि ओघळ दिसू लागतात. बाहेरून कितीही पुसा, ते जात नाहीत. आतली काच सोडवावीच लागते. त्याआधी बिजागऱ्यांच्या खिट्ट्या अडकवून घ्या, कारण काच निघाली की दार हलकं होतं आणि स्प्रिंग ते झटक्यात मिटवू शकते, बोटं चिरडण्याइतक्या जोराने. काचेवर धातूची खरवडणी किंवा तारेची घासणी नको. टफन केलेल्या, म्हणजे मुद्दाम कडक बनवलेल्या काचेला पडलेला ओरखडा तिला कमकुवत करतो आणि पुढे कधीतरी तापल्यावर ती फुटू शकते. निर्मात्यांनी ही काच हत्याराशिवाय निघेल अशी करायलाच हवी. माझ्या ओव्हनचे इथले गुण मी कापते.

नवीन घेणाऱ्यांसाठी पायरोलिटिक प्रकाराबद्दल थोडं. त्यात पोकळी ५०० अंशांच्या जवळपास तापते, सगळ्याची राख होते, दार आपोआप बंद राहतं. सफाई उत्तम होते, पण वीज बरीच लागते, साध्या क्रोमच्या जाळ्या आधी बाहेर काढाव्या लागतात आणि धूर-वास होतो. घरात पक्षी असतील तर त्यांना दुसऱ्या, हवेशीर खोलीत न्यायलाच हवं.

तळावर फॉइल अंथरून सफाई वाचवायचा विचार करू नका. उष्णता कोंडते आणि फॉइल एनॅमलला कायमचं चिकटू शकतं. तळाऐवजी खालच्या खणात ट्रे ठेवा.

आणि दाराभोवतीची पट्टी फक्त ओल्या मऊ कापडाने टिपा, ओढू नका. ती नीट बसते का हे पाहायला थंड ओव्हनच्या दारात कागद धरून दार लावा. कागद सहज सरकून येत असेल तर तिथून उष्णता गळते. अशी पट्टी घासत बसण्यापेक्षा बदललेली बरी.