घरून ऑफिसचा कम्प्युटर: सगळं चालतं, टोकन सोडून

पोळ्याच्या सुमारास सुरू केलं होतं, आता मृगाची संत्री तोडायला आली. वायरगार्ड (घर आणि ऑफिस इंटरनेटवरून खाजगी बोगद्यासारखं जोडणारं व्हीपीएन) आणि त्यावरून रिमोट डेस्कटॉप (ऑफिसचा कम्प्युटर घरच्या स्क्रीनवर चालवायची विंडोजची सोय), या जोडीबद्दल आता लिहायला हरकत नाही. सेटअप कसा करायचा ते सांगत बसत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. मी अमरावतीतल्या एका सीएंच्या ऑफिसात काम करते आणि राहते वरुड तालुक्यातल्या एका खेड्यात. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणून साहेबांचं म्हणणं, "येत जा ना बसनं, तुला काय लागते?" तिकीट अर्धं झालं, रस्ता तेवढाच राहिला, हे त्यांना कोण सांगणार!

आधी चांगलं ते सांगते. आमच्या आयटीवाल्या पोरानं सुरुवातीला नुसतं व्हीपीएन जोडून ऑफिसचं टॅलीचं (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं) फोल्डर माझ्या लॅपटॉपवर ड्राइव्ह म्हणून लावून दिलं होतं. एक व्हाउचर सेव्ह व्हायला इतका वेळ, की तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हायची. कारण सरळ आहे: तसं केलं की टॅलीची फाईल तुकड्या-तुकड्यानं लाईनवरून ये-जा करते, आणि मधेच लाईन तुटली तर डेटा बिघडण्याची भीती वेगळी. रिमोट डेस्कटॉपमध्ये टॅली चालतं ऑफिसातच, आपल्याकडे फक्त चित्र येतं आणि आपली बटणं तिकडे जातात. फरक जमीन-अस्मानाचा.

खरी मजा लाईन गेल्यावर. आमच्याकडे फायबर आहे, पण रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीला तो सापडतोच. पहिल्यांदा तुटला तेव्हा मी एका व्हाउचरच्या नॅरेशनमध्ये अर्ध्या वाक्यावर होते. स्क्रीन करडी झाली, पुन्हा जोडण्याचा प्रयत्न २० पैकी १, मग २. मोबाईलचा हॉटस्पॉट लावला. वायरगार्डला नेट बदललं त्याचं काही सोयरसुतक नाही, पुन्हा लॉगिन वगैरे मागत नाही. प्रयत्न ४ ला स्क्रीन परत आली आणि कर्सर त्याच अर्ध्या वाक्यावर लुकलुकत होता. त्या दिवशी मी याला पाच स्टार देऊन मोकळी झाले असते.

घरच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नसला, सीजीनॅटच्या मागे (म्हणजे एकच पत्ता अनेकांत वाटलेला) असलात, तरी अडत नाही, कारण हाक घरून ऑफिसला जाते. ऑफिसकडे मात्र पब्लिक आयपी लागतो, तोही स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, असला तर बरं. आणि व्हीपीएन कशाला, राऊटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडला की झालं, असं कोणी सांगितलं तर त्याला २०१९ च्या ब्लूकीपची (रिमोट डेस्कटॉपमध्ये सापडलेल्या भगदाडाची) आठवण करून द्या. जगभरातून लोक तोच पोर्ट ठोठावत बसलेले असतात.

आता टोकन, म्हणजे डिजिटल सही ज्यात असते ती पेनड्राइव्हसारखी यूएसबी काडी.

आमच्याकडे संत्रा उत्पादकांची एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. नावात शेतकरी असला तरी ती कंपनी कायद्याखालची, म्हणजे वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत एओसी-४ (ताळेबंद सरकारकडे दाखल करायचा फॉर्म) भरायचा, नाहीतर दिवसाला १०० रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. फॉर्म तयार, ताळेबंद जोडलेला, फक्त डायरेक्टरची डिजिटल सही बाकी. टोकन ऑफिसच्या कम्प्युटरला मागून लावलेलं. (ज्याची सही त्याच्याच ताब्यात टोकन हवं, हा कायदा मला सांगू नका. कुठल्याही सीएंच्या ऑफिसातला ड्रॉवर उघडून बघा.) मी घरून सही करायला गेले तर सर्टिफिकेटची यादी कोरी. ऑफिसातल्या भाऊंना फोन केला.

"भाऊ, टोकन लागलेलं आहे ना?"

"लागून आहे ना ताई, लाल लाईट पेटून आहे."

काढून पुन्हा लावायला सांगितलं, दुसऱ्या पोर्टला लावायला सांगितलं. लाईट पेटतो, यादी कोरी. टोकन विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे ड्रायव्हर पुन्हा टाका. टाकला. काही नाही.

भानगड अशी आहे, आणि ही कोणी आधी सांगत नाही: डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन विंडोजला स्मार्ट कार्ड (चिपवालं कार्ड) म्हणून दिसतं. रिमोट डेस्कटॉपनं आत गेलं की ते सेशन स्मार्ट कार्ड तुमच्या हातातल्या लॅपटॉपवर शोधतं, ऑफिसच्या कम्प्युटरवर नाही. बिघाड नव्हेच, रचनाच तशी आहे. म्हणजे टोकन तिथे लावलेलं असूनही नसल्यासारखं! ऐन दिवाळीच्या तोंडावर हे कळायला मला अर्धा दिवस आणि विकणाऱ्याची बरीच बोलणी लागली. तेव्हा मी याला दीड स्टार दिला असता, तोही भाऊंच्या संयमासाठी.

त्या दिवशी सुटका झाली ती नुसती स्क्रीन दाखवणाऱ्या दुसऱ्या साध्या रिमोट ॲपनं. ते वेगळं सेशन उघडत नाही, समोरच्या मॉनिटरवर जे आहे तेच दाखवतं, त्यामुळे टोकन दिसलं आणि सही झाली. त्याची फुकट आवृत्ती घरगुती वापरापुरतीच आहे, म्हणून साहेबांना रीतसर परवाना घ्यायला लावलं. सहीसाठी ते आणि बाकी सगळ्यासाठी रिमोट डेस्कटॉप, असं बरेच दिवस चाललं.

मग जानेवारीत कळलं की उलटंही करता येतं. टोकन घरी आणून लॅपटॉपला लावायचं, आणि जोडण्याआधी रिमोट डेस्कटॉपच्या लोकल रिसोर्सेसमध्ये स्मार्ट कार्डवर टिक करायची. ड्रायव्हर ऑफिसच्या कम्प्युटरवर हवाच. लाईन बारीक असेल तर यादी यायला वेळ लागतो, पिन टाकल्यावर आणखी वेळ, पण सही होते. त्यामुळे दीड स्टार मागे घेते, साडेतीन करा. चार दिले असते, पण साहेब टोकनांचा डबा गावी न्यायला तयार नाहीत. "हरवलं त कोण जबाबदार?" असं म्हणतात, आणि इथे त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

अर्धा स्टार आणखी एका कारणानं कापलाय. विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस. (होम असेल तर बाहेरून आत येताच येत नाही, घेण्याआधी बघा.) मी घरून आत शिरले की ऑफिसची स्क्रीन लॉक होते. मग भाऊ पासवर्ड टाकतात आणि मी बाहेर फेकली जाते. "आपोआप लॉक झाला होता ताई, म्हणून खोलला, काय बिघडलं?" मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली, ती फॅनच्या हवेनं उडते.

वीज जाऊन आल्यावर ऑफिसचा कम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, ही बायोसमधली (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मेनूतली) सेटिंग तेवढी पहिल्याच दिवशी करून घ्या, नाहीतर रविवारी बटण दाबायला कोणी नसतं.

स्टॅटिक आयपीचं वर्षाचं बिल पाहून साहेब कुरकुरले, तेव्हा मी चहापाण्यासकट बसचा हिशोब मांडून दाखवला, आणि मग मुकाट्यानं भरलं. संत्रा कंपनीच्या टोकनची मुदत या उन्हाळ्यात संपते. नवीन देणाऱ्याला मी आधीच विचारलं, रिमोटमध्ये चालेल का? तो म्हणाला, "चालते ना ताई, सगळ्यात चालते." मागचाही हेच म्हणाला होता.