८० सी ची फाईल घेऊन गेले आणि सीए मॅडमनी ती बाजूला ठेवली

मी इंटिरियर डिझायनर आहे, स्वतःचंच काम, भाड्याच्या घरातली एक खोली ऑफिससाठी आणि मदतीला दोन मुली. आधी ज्यांच्याकडून रिटर्न भरून घ्यायचे ते दरवर्षी फोनवर एवढंच विचारायचे की एलआयसी किती भरली, पीपीएफ किती, झालं. २०२४-२५ चं रिटर्न भरायच्या वेळी मैत्रिणीने तिच्या सीए मॅडमचा नंबर दिला. मी त्या सर्व्हिसवर खूश आहे, पण नेमकी कशामुळे ते सविस्तर सांगते, कारण स्वतःचं काम करणाऱ्या बऱ्याच जणांचं इथेच नुकसान होतंय.

पहिल्या दिवशी मी सगळी फाईल नेली होती, ८० सी चे (एलआयसी, पीपीएफसारख्या गुंतवणुकीचे) दीड लाख, एनपीएस या पेन्शन योजनेचे वरचे ५० हजार, ८० डी म्हणजे आरोग्य विम्याच्या वजावटीत माझे २५ हजार आणि आईबाबांचे ५० हजार, म्हणजे २ लाख ७५ हजारांची वजावट. मॅडमनी लगेच दोन्ही रिजीमचं, म्हणजे टॅक्स मोजायच्या जुन्या आणि नव्या पद्धतीचं, गणित समोर मांडलं. माझी वर्षाची फी ३४ लाख, आणि आधीचे लोक फीच्या निम्मा नफा धरू देणारं ४४ एडीए हे कलम लावून त्याच्या निम्मे म्हणजे १७ लाख नफा दाखवायचे (इंटिरियर डेकोरेशन त्या कलमात बसतं आणि हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत, म्हणून सगळ्यांना ते सोपं वाटतं). त्या १७ लाखांवर जुन्या रिजीममध्ये सगळी वजावट घेऊनही टॅक्स २ लाख ४० हजार आणि नव्या रिजीममध्ये यातलं काहीच न घेता २ लाख, सेस वेगळा. मग त्यांनी ती फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, आता मला वर्षभराचा खर्च सांगा.

नव्या रिजीममध्ये वजावट नाही, नाही असं आपण ऐकत असतो ना, ते ८० सी, ८० डी वगैरेबद्दल आहे, धंद्याचा खर्च त्यात येतच नाही, तो नफा काढतानाच वजा होतो, मग रिजीम कुठलीही असो. हे मला इतक्या वर्षांत एकाने सांगितलं नव्हतं!

दोन तास त्या नुसतं विचारत होत्या. मुलींचे पगार, थ्रीडी रेंडर करून देणाऱ्या मुलाची बिलं, सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, साईटवर जायचं पेट्रोल, फोन. ऑफिसची खोली घराच्या साधारण एक तृतीयांश आहे आणि अॅग्रीमेंट माझ्या नावावर आहे म्हणून भाडं आणि लाईटबिल तेवढ्याच प्रमाणात. कॉम्प्युटरवर डेप्रिसिएशन (घसारा) ४० टक्के, पण नवा लॅपटॉप मी नोव्हेंबरमध्ये घेतला, म्हणजे वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर, त्यामुळे त्याचं पहिल्या वर्षी निम्मंच, २० टक्के. सगळं मिळून १९ लाख ७२ हजार खर्च निघाला आणि खरा नफा १४ लाख २८ हजार. नव्या रिजीममध्ये टॅक्स १ लाख २५ हजार ६००, म्हणजे आधीच्या २ लाखांच्या तुलनेत सेस धरून ७७ हजारांच्या वर फरक.

आणि हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं की निम्म्यापेक्षा कमी नफा दाखवायचा तर वह्या नीट ठेवायच्या आणि टॅक्स ऑडिट, म्हणजे सीएकडून हिशेबाची तपासणी, करून घ्यायचं, ती फी आणि तो त्रास धरूनच ठरवा, फरक दहा-पंधरा हजारांचा असता तर मी स्वतःच नको म्हटलं असतं, असं त्या म्हणाल्या. फी धरूनही मला परवडलं. तसंच धंद्याचं उत्पन्न असलेल्यांना दरवर्षी रिजीम बदलता येत नाही, जुनी निवडून एकदा नवीत परत आलं की पुन्हा जुनी घेता येत नाही, हे पण त्यांनी सही करायच्या आधी सांगितलं.

जे बसत नाही ते त्यांनी ठाम नाही म्हटलं आणि माझा खरा विश्वास तिथेच बसला. मॉडेल बनवणाऱ्याला मी एका दिवसात १६ हजार रोख दिले होते, ते पूर्ण कापले, कारण एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिलं तर तो खर्च धरत नाहीत. मला वाईट वाटलं, काम खरंच झालं होतं आणि बिलही होतं. कार घरीही वापरतो म्हणून तिचा अर्धाच खर्च धरला. एआयएसमध्ये (टॅक्स खात्याकडे असलेल्या आपल्या उत्पन्नाच्या तपशिलात) एका क्लायंटची फी दोनदा दिसत होती, ती बिलांशी जुळवून पोर्टलवर फीडबॅक टाकून दिला.

नवऱ्याचं रिटर्न पण दिलं, तो पगारदार, तिथे काम फारसं नव्हतं, नव्या रिजीममध्ये ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन आणि कंपनी एनपीएसमध्ये भरते ते, एवढंच.

तक्रार एकच, मेसेजला उत्तर यायला तीन-चार दिवस लागतात आणि वह्या लिहून देण्याचं काम त्या घेत नाहीत, ते माझं मलाच करावं लागलं, वर्षभराची बँक स्टेटमेंट घेऊन सलग दोन रविवार. सुरुवातीलाच वेगळं करंट अकाउंट काढायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते मी आता काढलंय, आणि मॉडेलवाल्याचे पैसे त्यातूनच जातात.