आयएसओ १४००१ की एमास? पर्यावरण प्रमाणपत्र घेण्याआधी

आयएसओ १४००१ हे कंपनीनं आपल्या कामाचा पर्यावरणावरचा परिणाम कसा सांभाळायचा याचं आंतरराष्ट्रीय मानक. त्याचा मजकूर टोकियोत, म्युनिकमध्ये आणि चाकणमध्ये एकच. प्रमाणपत्र तीन वर्षांचं, मध्ये दरवर्षी देखरेख ऑडिट. तरीही पदरात काय पडतं ते देशागणिक बदलतं, कारण हे मानक प्रदूषणाची कुठलीही ठरावीक पातळी घालून देत नाही आणि आकडे जाहीर करायलाही सांगत नाही.

१९९६ मध्ये मानक आलं आणि जपानी निर्यातदारांनी ते झपाट्यानं उचललं. छोट्या उद्योगांसाठी तिथल्या पर्यावरण मंत्रालयानं इको-अ‍ॅक्शन २१ ही सोपी पद्धत दिली: कार्बन डायऑक्साइड, कचरा आणि पाणी मोजा, अहवाल काढा. आज प्रमाणपत्रांच्या संख्येत चीन सर्वांत पुढे आहे. अमेरिकेत मात्र हात आखडता राहिला. आपणच लिहून ठेवलेली त्रुटी उद्या कोर्टात आपल्यावर उलटेल, ही तिथली भीती. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी १९९९ मध्ये पुरवठादारांना अट घातली, तेव्हा वाहन उद्योग हलला.

युरोपीय संघाचं एमास, म्हणजे तिथली ऐच्छिक पर्यावरण नोंदणी योजना, आम्हाला सरस वाटतं. जर्मनी, इटली, स्पेनमध्ये त्याची नोंदणी जास्त आहे. ऊर्जा, कच्चा माल, पाणी, कचरा, जमीन आणि उत्सर्जन यांचे आकडे त्रयस्थाकडून तपासून जाहीर करावे लागतात. कायद्याचं पालन होत नसेल तर नोंदणीच मिळत नाही. खर्च आणि कागदपत्रं वाढतात, पण ग्राहकाला पडताळायला काहीतरी हाती लागतं.

आपल्याकडे बहुतेकांना आयएसओच पुरतं, पण ते नीट घ्या. सर्वांत जास्त गफलत परिणाम-नोंदवहीत होते, म्हणजे कुठल्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो त्या यादीत. सल्लागाराच्या तयार नमुन्यात फक्त रोजचं चालू काम असतं. मानकाला बिघाड आणि आणीबाणीही हवी असते. ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला की एअरेशन टाकीतला ऑक्सिजन घसरतो, जिवाणू मरू लागतात आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) चढतो. ही ओळ नोंदवहीत नसेल, तर राखीव ब्लोअर कुणी, किती वेळात सुरू करायचा हेही कुठे लिहिलेलं नसतं.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीची (अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाची) मान्यता आहे का, आणि स्कोपमध्ये, म्हणजे प्रमाणपत्र कशाला लागू आहे त्या नोंदीत, कारखान्याचा पत्ता आहे की नुसत्या मुख्य कार्यालयाचा, ते सही करण्याआधी बघा. प्रदूषण नियंत्रण मंडळाला ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचा फॉर्म पाच (वार्षिक पर्यावरण विवरण) तर भरावाच लागतो. तेच आकडे एमासच्या धर्तीवर वेबसाइटवर टाका.