मराठी-कन्नड बिलं थेट कोडमधून छापताना: ८० मिमी थर्मल प्रिंटरचा वापरानंतरचा अनुभव

बेळगावच्या रविवार पेठेत काय किंवा निपाणी, खानापूरच्या बाजारात काय, किराणा दुकानाचं बिल एका लिपीत भागत नाही. मालाचं नाव मराठीत हवं, त्याच्याखाली कन्नडमध्ये हवं, आणि आकडे सगळ्यांना कळतील असे. तयार बिलिंग सॉफ्टवेअर बहुधा इंग्रजीवर वेळ मारून नेतात. म्हणून इथे पायथनमध्ये छोटा प्रोग्राम करून काउंटरवरच्या प्रिंटरला थेट काम पाठवलं जातं. उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा हे चालवल्यावर मत पक्कं झालंय: मजकूर चित्र करून पाठवायचा, यूएसबीपेक्षा नेटवर्कवरून पाठवायचा, आणि 'पाठवलं' म्हणजे 'छापलं' असं कधीच धरायचं नाही.

प्रिंटरची कंपनी मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातले जवळपास सगळे एप्सनने रूढ केलेल्या ईएससी/पॉस कमांड समजतात, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं कुठल्याही मशीनला लागू पडतं. आमचा ८० मिमी रोलचा, २०३ डीपीआयचा, यूएसबी आणि लॅन दोन्ही असलेला, ऑटो कटरवाला. २०३ डीपीआय म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. कागद ८० मिमी असला तरी छपाई ७२ मिमीतच होते, म्हणजे आडवे ५७६ ठिपके. काही स्वस्त मशीनमध्ये हा आकडा ५१२ असतो. ५७६ धरून पाठवलं की उजवीकडची रक्कम कापली जाते आणि दोष कोडला दिला जातो. घेण्याआधी सेल्फ टेस्टची पट्टी काढून बघा. ५८ मिमीचा छोटा प्रिंटर ३८४ ठिपक्यांचा असतो. दोन लिप्यांच्या बिलाला तो पुरत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका.

साध्या मजकुराच्या मोडमध्ये प्रिंटरचा स्वतःचा १२ बाय २४ ठिपक्यांचा फॉन्ट असतो आणि ओळीत ४८ अक्षरं बसतात. वेग उत्तम, पण देवनागरी आणि कन्नड त्याच्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या तयार तक्त्यात, नसतात. तुम्ही 'साबुदाणा' पाठवा, येतात प्रश्नचिन्हं किंवा भलतीच युरोपियन अक्षरं. रुपयाचं चिन्ह २०१० साली आलं, जुन्या कोडपेजमध्ये तेही नाही. माहितीपत्रकावर 'हिंदी सपोर्ट' छापलेलं असेल तर विकणाऱ्याला एकच विचारा: विंडोजच्या ड्रायव्हरमधून की थेट कमांडने? ड्रायव्हर सगळा मजकूर चित्र करूनच पाठवतो, त्यात प्रिंटरचं काही कर्तृत्व नाही.

मग ते चित्र आपणच करायचं. पायथनच्या पिलो लायब्ररीत ५७६ रुंदीचं कोरं चित्र घ्यायचं, त्यावर ओळी लिहायच्या आणि शेवटी त्याचे बाइट प्रिंटरला द्यायचे. ऐकायला सोपं आहे, पण पहिलाच अडथळा इथे येतो. पिलोची मूळ मांडणी अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवते. त्यामुळे 'किलो'मधली वेलांटी क-च्या डावीकडे न येता उजवीकडे जाते, 'प्रति'मधला र सुटा पडतो आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. याला राक्म हा मांडणीचा भाग लागतो, जो आत हार्फबझ ही अक्षरं जोडणारी लायब्ररी वापरतो. पिलोच्या ८.२ आवृत्तीपासून राक्म सोबतच मिळतो, पण त्याला लागणारी फ्रिबिडी ही लायब्ररी मशीनवर वेगळी असावी लागते. विंडोजवर तिची डीएलएल फाइल पाथमध्ये नसेल, तर पिलो कसलीही तक्रार न करता जुन्या मांडणीवर घसरतो. एरर येत नाही, फक्त बिल बिघडतं. म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच फीचर्स मॉड्यूलमधून राक्म आहे का ते तपासायचं, आणि नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबवायचा. हा नियम कडक वाटला तरी ठेवाच. विंडोज नव्याने टाकलं किंवा पायथन अपडेट केलं की हेच नेमकं राहून जातं.

'कैऱ्या' हा शब्द चाचणीला ठेवा. यातला अर्धा र ०९३१ या युनिकोड अंकाचा ऱ आहे, नेहमीचा ०९३० नव्हे. माल भरणाऱ्याने साधा र टाकला तर 'कैर्या' छापून येतं. त्यात मांडणीचा दोष नसतो, डेटाचा असतो. मालाच्या यादीतच दुरुस्ती करावी लागते. मजकूर लिहिताना भाषा 'एमआर' अशी सांगितली, तर फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे येतात.

कन्नडसाठी वेगळा फॉन्ट लागतो, आणि पिलो एका फॉन्टमध्ये अक्षर सापडलं नाही म्हणून दुसरीकडे शोधत नाही, रिकामा चौकोन छापून मोकळा होतो. ओळीचे तुकडे आपणच करायचे: ०९०० ते ०९७एफ देवनागरी, ०सी८० ते ०सीएफएफ कन्नड. प्रत्येक तुकडा आपापल्या फॉन्टमध्ये लिहून तेवढी रुंदी पुढे सरकायचं. अँकर, म्हणजे मजकूर कुठे टेकवायचा तो बिंदू, 'एलएस' ठेवला की दोन्ही लिप्या एकाच आधाररेषेवर बसतात. नाहीतर कन्नड शब्द खाली-वर नाचतात.

ओळीची उंची हा इथला खास प्रश्न. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लटकतं. तांदळाला 'अक्की' लिहिलं की दुसरा क पहिल्याच्या पायाशी येतो, आणि खालच्या ओळीत 'मैदा' असेल तर त्याची वरची मात्रा त्या क-ला भिडते. फॉन्ट २८ ठिपक्यांचा असेल तर ओळ किमान ४४ ठिपक्यांची ठेवा. कागद थोडा जास्त जातो, जाऊ द्या. फॉन्ट २२ च्या खाली नेऊ नका. अनुस्वार आणि उकार ठिपकाभरच उरतात. बारीक रेषेचे फॉन्ट थर्मलवर तुटतात. देवनागरीला मुक्ता मीडियम आणि कन्नडला नोटो सान्स कन्नड त्याच वजनात, ही जोडी सध्या टिकून आहे.

चित्र काळं-पांढरं करताना पिलो आपणहून डिदरिंग करतो, म्हणजे राखाडी कडा ठिपक्यांनी भरतो. फोटोला ते बरं, अक्षरं मात्र केसाळ दिसतात. डिदरिंग बंद करून सरळ उंबरठा लावा: ० (काळं) ते २५५ (पांढरं) या मापात १६० पेक्षा गडद ते काळं, बाकी पांढरं. छपाई फिकी वाटली तर हाच आकडा वाढवून अक्षर जाड करता येतं, प्रिंटरच्या सेटिंगला हात न लावता. आणखी एक उलटापालट: पिलोत १ म्हणजे पांढरं, प्रिंटरला १ म्हणजे काळं. बिट उलटवायला विसरलात तर काळीकुट्ट पट्टी बाहेर येते, छपाईचं हेडही तापतं.

पाठवायच्या कमांड दशमान अंकांत देतो. आधी २७, ६४. याने प्रिंटर मूळ स्थितीत येतो. मग चित्रासाठी २९, ११८, ४८, ०, त्यापुढे रुंदी बाइटमध्ये (५७६ भागिले ८, म्हणजे ७२, ०) आणि उंची ओळींत, दोन्ही लहान बाइट आधी. सगळं चित्र एका घासात देऊ नका. साध्या मशीनची मेमरी कमी असते, अर्ध्यावर थबकून पांढरी रेघ सोडतात. २४० ओळींचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला ही कमांड नव्याने, मध्ये कागद सरकवायचा नाही.

चित्राची किंमत बाइटमध्ये मोजावी लागते. ६०० ओळींचं, म्हणजे ७५ मिमी लांबीचं बिल ४३,२०० बाइटचं होतं. तोच मजकूर साध्या मोडमध्ये हजारभर बाइटात जातो. सिरियल पोर्टवर ९६०० वेगाने सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात, म्हणजे एका बिलाला ४५ सेकंद. गिऱ्हाईक पिशवी उचलून निघून जाईल. १,१५,२०० वेगाने हेच ४ सेकंदांच्या आत, आणि लॅनवर वेळ मोजायची गरजच नाही.

लॅनवर प्रिंटर ९१०० पोर्टवर ऐकत बसतो. सॉकेट (प्रिंटरशी नेटवर्क जोडणी) उघडा, बाइट टाका, बंद करा. पासवर्ड वगैरे काही नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांना दिलेलं वायफाय आणि प्रिंटरचं नेटवर्क वेगळंच ठेवा. बहुतेक प्रिंटर एका वेळी एकच जोडणी घेतात. एका काउंटरने सॉकेट उघडा ठेवला की दुसरा काउंटर ताटकळतो. बंद करण्याचीही रीत आहे. प्रिंटरने पाठवलेला स्टेटस न वाचता सॉकेट एकदम मिटवला तर लिनक्स जोडणी तोडल्याचा संदेश पाठवतो, आणि प्रिंटर बिलाचं शेपूट टाकून देऊ शकतो. खालची एकूण रक्कम आणि कट गायब असेल तर आधी इथे बघा. आधी लिहिण्याची बाजू बंद करा, उत्तर वाचून घ्या, मग सॉकेट मिटवा.

पावसाळ्यात लाईट जाण्या-येण्याने राउटर पुन्हा सुरू होतो आणि प्रिंटरला नवा आयपी देतो. प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर ओरडत बसतो. राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्कवरच्या त्याच्या कायम ओळखीवर) आयपी राखून ठेवला की हा विषय संपतो. इन्व्हर्टरवर राउटर आणि कॉम्प्युटर असतात पण प्रिंटर विसरला जातो. तोही त्यावरच घ्या. नेटवर्क चित्राच्या मध्येच तुटलं तर प्रिंटर उरलेल्या बाइटची वाट बघत राहतो आणि पुढच्या बिलाची सुरुवात चित्र समजून गिळतो. वितभर कचरा छापून आला की बटणाने बंद-चालू करणं हाच खात्रीचा उपाय.

आता 'छापलं का'. पायथनने सगळं पाठवलं असं सांगितलं, याचा अर्थ बाइट आपल्याच मशीनच्या बफरमध्ये गेले, इतकाच. पाठवण्याआधी १६, ४, ४ पाठवून कागद विचारा. उत्तर १८ आलं तर ठीक, ३० आलं तर रोल संपत आलाय, ११४ किंवा १२६ म्हणजे संपला. रोल संपत आल्याचा सेन्सर स्वस्त मशीनमध्ये नसतो, तिथे ३० कधी दिसणारच नाही. ही कमांड रांग न पाळता लगेच उत्तर देते, म्हणून बिल संपल्याची खूण म्हणून तिचा उपयोग नाही. त्यासाठी बिलाच्या शेवटी २९, ११४, १ जोडा. ही मागच्या सगळ्या बाइटनंतरच वाचली जाते. तिचं उत्तर आलं म्हणजे आधीचं बिल प्रिंटरने हाताळून संपवलं.

पाच सेकंदांत उत्तर नाही आलं तर बिल आपोआप पुन्हा पाठवू नका. कागद संपून अडकलेला प्रिंटर नवा रोल घातल्यावर उरलेलं छापतो, आणि तुमचं दुसरंही छापतो. एकाच क्रमांकाची दोन बिलं संध्याकाळी हिशेबाला नडतात. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये एक तक्ता ठेवलाय: रांगेत, पाठवलं, छापलं, अडलं. 'अडलं' दिसलं की काउंटरवरचा माणूस कागद बघून ठरवतो, आणि पुन्हा काढलेल्या बिलावर डोक्याशी 'दुसरी प्रत' येतं. सगळ्या कोडमध्ये सर्वांत जास्त उपयोगी पडलेला भाग हाच.

यूएसबीवरच चालवायचं असेल तर थोडक्यात: विंडोजवर 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर टाकून पायथनच्या विन३२प्रिंट मॉड्यूलमधून 'रॉ' प्रकाराने पाठवा. झाडिग या यूएसबी ड्रायव्हर बदलणाऱ्या टूलने ड्रायव्हर बदललात तर प्रिंटर विंडोजच्या यादीतून नाहीसा होतो, मग इतर कुठलंच सॉफ्टवेअर त्यावर छापू शकत नाही. लिनक्सवर वापरकर्ता 'एलपी' गटात असला की काम होतं.

कटर हेडच्या वर सेंटिमीटरभर असतो. नुसती कट कमांड दिली तर शेवटच्या दोन ओळी कापून पुढच्या बिलाला चिकटतात. २९, ८६, ६६, ० ही कमांड कागद आधी कटरपर्यंत सरकवून मग कापते. पैशांचा ड्रॉवर २७, ११२, ०, २५, २५० ने उघडतो. ही कमांड बिलाच्या आधी पाठवा, छपाई होईतो सुटे काढून होतात. प्रिंटरवर ड्रॉवरची वायर लावायच्या खोबणीत टेलिफोनची वायरही बसते, पण लावू नका. तिथे २४ व्होल्टचा झटका असतो.

यूपीआयचा क्यूआर चित्रात घालणार असाल तर एक चौकोन पूर्ण ६ ठिपक्यांचा ठेवा. आकार टक्क्यांनी कमी-जास्त केला की कडा फुटतात आणि मोबाईल वाचत नाही.

रोल घेताना नखाने ओरखडा काढून बघा. जी बाजू काळी पडते ती हेडकडे. पावसाळ्यात उघडे पडलेले रोल ओल धरतात, छपाई डागाळते. प्लॅस्टिक पिशवीत बंद ठेवून लागेल तसा एकेक काढा. हेडवर पांढरी भुकटी साचली की उभी कोरी रेघ यायला लागते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसली की जाते, मात्र हेड थंड झाल्यावरच. पुसूनही रेघ त्याच जागी राहिली तर तो ठिपका जळालाय आणि हेड बदलावं लागेल. तोवर बिलाचा मजकूर चार-आठ ठिपके सरकवून रक्कम त्या रेघेच्या बाहेर ठेवता येते. चित्र आपणच करत असल्याने हे एका आकड्याचं काम आहे.