बेळगाव कॅम्पात पदके बांधून घेताना

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच गावात, त्यामुळे कॅम्पातल्या लष्करी सामानाच्या या दुकानाला गिऱ्हाईक कमी नाही. पदकांची शिलाई उत्तम: मागे कडक बक्रम (अस्तराचे ताठ कापड), त्यावर फीत ताणून हातटाके, गोंद नाही. गोंद बेळगावच्या पावसात फितीवर डाग पाडतोच. पिन मात्र हलकी. चार-पाच पदके झाली की पट्टी पुढे कलते. जाड दुहेरी पिन मागून घ्या.

खरी तपासणी फितीची. वीरचक्राची फीत ३२ मिमी, अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. केशरी बाजू डाव्या खांद्याकडे हवी. कारागीर मागून शिवतो, म्हणून ती उलटते. महावीरचक्रात निळ्याजागी पांढरा, चूक तीच. परमवीरचक्राची फीत सबंध जांभळी, तिथे चुकायला वावच नाही! मानक्रमात शौर्यचक्र वीरचक्रानंतर, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे.

पॉलिशचा आग्रह ठाम नाकारा. वीरचक्र चांदीचे, पण मधल्या राजमुद्रेला सोन्याचा मुलामा आहे आणि घासल्यावर आधी तोच जातो. मऊ सुती कापड पुरे.

प्रतिकृती मात्र घेऊ नका. १९५० साली स्थापन झालेले परमवीरचक्र सावित्री खानोलकरांनी रेखाटले: कांस्य, मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे. इथली प्रत पितळेसारखी चकाकते आणि वज्रे नुसते उंचवटे वाटतात. शाळेच्या कपाटासाठीसुद्धा महागच.