बुटाच्या खोक्यासोबत आठ महिने: एलएलबीच्या अभ्यासासाठी लाइटनर पेटी वापरून आलेला अनुभव

आधीच सांगून टाकते, हा कुठल्या ॲपचा किंवा क्लासचा रिव्ह्यू नाहीये. रूममेटच्या स्पोर्ट्स शूजचा एक रिकामा खोका, त्यात पुठ्ठ्याचे चार आडवे तुकडे लावून केलेले पाच कप्पे, आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेली जाड कागदाची कार्डं, एवढाच माल. लाइटनर पेटी म्हणजे प्रश्नोत्तरांची कार्डं कप्प्याकप्प्यांतून पुढेमागे सरकवत पाठ करायची पद्धत, नीट खाली सांगते. खर्च नव्वद रुपये, त्यातही वीस रुपयांचे रबरबँड होते जे अजून पुरतायत. जूनच्या शेवटी सुरू केलं, आता फेब्रुवारी संपत आलाय, म्हणजे आठ महिने झाले. तेव्हा आता बोलायला हरकत नाही, कारण पंधरा दिवसांत तर मला पण ही गोष्ट जगातली सगळ्यात भारी वाटत होती.

मी मूळ बार्शीची, पुण्यात कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन) राहते, तीन वर्षांच्या एलएलबीचं दुसरं वर्ष चालू आहे. पहिल्या सेमिस्टरला कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे करार कायद्याचा, पेपर राहिला. आता गंमत अशी की त्या विषयाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला होता. सकाळी सहाला अभ्यासिकेत जाऊन पाण्याची बाटली ठेवून खुर्ची धरायची (पेठेत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको), रात्री दहाला उठायचं, आणि घरी फोनवर सांगायचं आज अकरा तास झाले. पुस्तक पिवळं, गुलाबी, हिरवं झालं होतं, तीन रंगांचे हायलायटर संपवले. आणि पेपरात मायनरच्या (अल्पवयीन माणसाच्या) करारावर प्रश्न आला तर मला ते पानच आठवत होतं, पान डावीकडचं आहे, वर गुलाबी पट्टा आहे, हे सगळं दिसत होतं, फक्त त्या गुलाबी पट्ट्यात लिहिलंय काय तेवढं दिसत नव्हतं. त्यात लिहिलेली केस होती मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष, १९०३, प्रिव्ही कौन्सिल (इंग्रजांच्या काळातलं शेवटच्या अपिलाचं कोर्ट). आता झोपेतून उठवून विचारा.

निकालानंतर महिनाभर मी काहीच धड केलं नाही. मग एका सीनियरने ही लाइटनर पेटी सांगितली. सेबास्टियन लाइटनर नावाच्या माणसाने १९७२ च्या पुस्तकात मांडलेली पद्धत आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर कितव्याही कप्प्यात असलं तरी परत पहिल्यात. माझे कप्पे असे आहेत: पहिला रोज, दुसरा दर दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने. म्हणजे जे येतं त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते रोज समोर येऊन उभं राहतं, उधारी मागणाऱ्या दुकानदारासारखं.

हे ऐकून मला पहिल्यांदा आमचे आजोबा आठवले. ते पाढे कधीच ओळीने म्हणायला लावायचे नाहीत, जेवताना मध्येच विचारायचे तेरा साते किती, आणि मी मनात तेरा एके तेरापासून गाडी सुरू करायचे, तेवढ्यात ते म्हणायचे येत नाही तुला. तेव्हा राग यायचा. पण खरंच येत नव्हतं, ओळीने म्हणता येणं वेगळं आणि येणं वेगळं.

यामागे संशोधन पण आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरं पाठ करून, आपण किती वेगाने विसरतो ते मोजलं होतं. आणि २००६ चा रोएडिगर आणि कारपिकी यांचा एक प्रयोग आहे, त्यात काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला आणि काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. मला हे वाचून एकदम लख्ख झालं, कारण माझे ते अकरा तास म्हणजे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेची तयारी होती. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आपण धरून चालतो की येतं.

आता प्रत्यक्ष वापर. लॉवाल्यांना सध्या एक खास त्रास आहे तो बाकीच्यांना कळणार नाही. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा जुना कायदा, जाऊन भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली, आणि जवळजवळ सगळे नंबर बदलले. खुनाची शिक्षा ३०२ होती ती १०३ झाली, खुनाचा प्रयत्न ३०७ चा १०९, फसवणूक ४२० ची ३१८. बरं जुनं विसरून नवं पाठ करा असं पण नाही, कारण त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना आयपीसीच लागू, आणि जे जजमेंट्स वाचायचे ते सगळे जुन्या नंबरांचे. बाबांना मी सांगितलं की आता चारसोबीस नाही तीनशे अठरा, तर म्हणाले मग लबाड माणसाला काय आता तीनशे अठरा म्हणायचं का, शोभतं का ते.

या कामाला खोका अक्षरशः वरदान आहे. एका बाजूला जुना नंबर, मागे नवा, आणि एकच कार्ड उलटसुलट दोन्हीकडून विचारायचं. साधारण पाच आठवड्यांत या ७० कार्डांतली बहुतेक बसली. काही हट्टी होती. ३०४ माझं तीन महिने पहिल्या कप्प्यातून हललं नाही, कारण आयपीसीत ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवधाची शिक्षा आणि नव्या संहितेत ३०४ म्हणजे स्नॅचिंग, साखळी ओढून पळणारे वगैरे, जे स्वतंत्र कलम म्हणून आधी नव्हतंच. शेवटी त्या कार्डावर मी गळ्यातल्या साखळीचं चित्र काढलं तेव्हा ते हललं.

सुरुवातीच्या माझ्या चुका सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पहिली दोनशे कार्डं मी जवळजवळ फेकून दिली. एका कार्डावर अख्खं कलम उतरवायचे, मागची बाजू मुंगीएवढ्या अक्षरात भरलेली, मग उत्तर अर्धं आलं तर ते आलं म्हणायचं की नाही हा वाद स्वतःशीच, आणि अशा वादात मी नेहमी स्वतःच्याच बाजूने निकाल द्यायचे, साहजिक आहे. एका कार्डावर एकच गोष्ट. आणि केसचं कार्ड करताना नाव आणि वर्ष विचारू नका, गोष्ट विचारा. माझं लालमन शुक्लाचं कार्ड असं आहे: "मालकाचा हरवलेला पुतण्या शोधून आणला, बक्षीस जाहीर झालंय हे नोकराला तेव्हा माहीतच नव्हतं, मिळेल का?" मागे: नाही, प्रस्ताव माहीत नसेल तर स्वीकार कसला, लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, १९१३. हे एकदा बसलं ते बसलं, वर्ष पण आपोआप चिकटलं.

दुसरं, दुसऱ्याची कार्डं घेऊ नका. वर्गातल्या एकीने माझी १५० कार्डं झेरॉक्स करून नेली, आठवड्यात कंटाळली. कार्ड लिहिताना जे डोकं चालतं तोच निम्मा अभ्यास आहे.

मोबाईलवर का नाही, हे सगळे विचारतात. अँकी नावाचं कार्डांचं ॲप आहे की, अँड्रॉइडवर फुकट आहे, कुठलं कार्ड कधी विचारायचं ते स्वतः ठरवतं, खोक्यापेक्षा नक्कीच हुशार आहे. मी दोन आठवडे वापरलं. दोष त्याचा काहीच नाही, दोष माझा, मी मोबाईल हातात घेतला की चार कार्डं होतात आणि मग कोणाच्या तरी लग्नाचे रील्स. खोका उघडल्यावर नोटिफिकेशन येत नाही. तुमचा स्वतःवर ताबा असेल तर बिनधास्त अँकी घ्या.

आता वाईट भाग.

दिवाळीत बारा दिवस घरी गेले, खोका पुण्यात राहिला. परत येऊन मोजलं तर ३४० कार्डं थकलेली, म्हणजे वेळ होऊन गेली तरी विचारायची राहिलेली. त्या दिवशी मी खोका बघून परत कॉटखाली सरकवला आणि चार दिवस हात लावला नाही. ही या पद्धतीची सगळ्यात मोठी खोट आहे, ती गैरहजेरी माफ करत नाही. अभ्यास झाला नाही याचं आधी नुसतं वाईट वाटायचं, आता त्याचा ढीग समोर दिसतो, मोजता येतो. शेवटी नियम केला की काही झालं तरी दिवसाला चाळीसच कार्डं, बाकीची थांबतील, पळून जात नाहीत. तीन आठवड्यांत ढीग गेला. बाराव्या दिवसापर्यंत तर मला वाटत होतं की तो कमीच होत नाहीये.

आणि एक. कार्डांनी मोठी उत्तरं येत नाहीत. मला वाटलं होतं पेपर आता सोपा जाईल, पण केशवानंद भारती, १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, एवढं पटकन आठवलं म्हणून त्या केसमधल्या मूलभूत संरचनेवर (घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही, हे तत्त्व) चार पानं लिहिता येत नाहीत हो. त्यासाठी घड्याळ लावून, पुस्तक मिटून लिहायलाच लागतं. ते मी नोव्हेंबरपासून रविवारी करते, एक प्रश्न, जमला तर दोन. खरं सांगायचं तर चार रविवारांतले दोन बुडतात.

झोपेचं. आधी परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचंच, नाही जागलं तर पाप केल्यासारखं. यावेळी जागायला कारणच उरलं नाही, आदल्या दिवशी चाळीस कार्डं झाली, दोन उत्तरांचे मुद्दे बघितले, साडेदहाला झोपले. झोपताना जी भीती वाटली ना, सगळे जागतायत आणि आपण झोपतोय, ग्रुपवर रात्री दोनला मेसेज पडतायत "युनिट चार झालं का कोणाचं", ती भीती जायला दोन पेपर लागले.

मनाच्या बाबतीत काय झालं ते सांगणं जरा अवघड आहे. दिवसातून पंधरावीस वेळा चुकायचं, रोज, कोणी बघत नसताना, आणि कार्ड परत पहिल्या कप्प्यात टाकायचं. सुरुवातीला चुकलं की पोटात खड्डा पडायचा, तोच निकालाच्या दिवशीचा. हळूहळू तो पडायचा बंद झाला. चुकलं, टाक मागे, पुढचं घे. ऑक्टोबरात कधीतरी मूट कोर्टच्या (कॉलेजातल्या खोट्या खटल्याच्या) सरावात सरांनी सगळ्यांसमोर विचारलं आणि मला आलं नाही, तर मी सरळ म्हटलं की सर नाही येत, बघून सांगते. आधीची मी काहीतरी गोलगोल बोलत राहिले असते. हे खोक्यामुळेच झालं असं छातीठोक सांगत नाही, पण दुसरं काही मी बदललं नव्हतं.

मात्र निकालानंतरचा जो महिना मी वर एका ओळीत उरकला, तेव्हा हा खोका असता तरी काही उपयोग झाला नसता. रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नव्हतं, आईचा फोन "काय करायलीस गं" आणि मी खोटंच "अभ्यास करायले". तेव्हा रूममेटने जबरदस्तीने १४४१६ लावून दिला, टेली मानस, सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी अभ्यासाबद्दल एक शब्द विचारला नाही, जेवलीस का विचारलं. तशी अवस्था असेल तर आधी ते करा, खोके नंतर.

कोणी घेऊ नये: ज्यांचा पेपर दहा दिवसांवर आलाय त्यांनी आता कार्डं कापत बसू नका, त्यातच वेळ जाईल, वहीचं पान झाकून तोंडी विचारा तेच पुष्कळ आहे. आणि गणितं, डेरिव्हेशनवाल्यांना किती चालेल मला शंका आहे, ते हातानेच सोडवावं लागतं. बाकी फार्मसी, नर्सिंग, एमपीएससी, ज्यांना भरपूर सुटं सुटं लक्षात ठेवायचंय त्यांनी बघायला हरकत नाही. माझी रूममेट एमपीएससी करते, तिने आधी माझ्यावर हसून घेतलं आणि आता तिचे दोन खोके आहेत, माझ्याकडे अजून एकच.

कॉन्ट्रॅक्ट सुटला. मार्क फार नाहीत, वर्गात सांगत फिरावं असे तर नाहीतच, पण अभ्यासिकेतले अकरा तास आता सहावर आलेत आणि संध्याकाळी मी पर्वतीवर जाते, त्याचे मार्क वेगळे.

आता सध्या कार्डं ६४० झालीत, खोका एका कोपऱ्यात फाटलाय, सेलोटेपवर चाललाय. परवा लक्ष्मी रोडला चप्पल घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाले, ताई खोका नको ना, पिशवीत देतो. मी म्हटलं काका खोका द्या, आणि जरा मोठ्या नंबरचा असेल तर तोच द्या, चपलेचं बघू.