न्यूझीलंडमधील आगाऊ मतदान : सेवा उत्तम, गणित मात्र घरूनच समजून जावे

न्यूझीलंडमध्ये ७ नोव्हेंबर २०२६ रोजी संसदेची निवडणूक होत असून येथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी मंडळींची ती पहिलीच असेल. म्हणून २०२३ मध्ये मी वापरलेल्या आगाऊ मतदानाच्या सोयीविषयी लिहीत आहे. भारतीय पासपोर्ट न सोडताही येथे मत देता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वयाची अठरा वर्षे पूर्ण, निवासी व्हिसा आणि कधीतरी सलग बारा महिने या देशात केलेले वास्तव्य एवढे त्यासाठी पुरते.

त्या वर्षी मतदानाचा मुख्य दिवस १४ ऑक्टोबर होता, परंतु केंद्रे २ तारखेपासूनच उघडू लागली होती. ऑकलंडमधील एका ग्रंथालयातल्या केंद्रावर मी जेवणाच्या सुट्टीत गेलो आणि दहा मिनिटांत मोकळा झालो. टपालाने आलेले ‘ईझीव्होट’ कार्ड दाखवले की यादीतले नाव चटकन सापडते. कार्ड विसरले तरी नाव-पत्ता सांगून मत देता येते, ओळखपत्र कोणी मागत नाही. मतदानयंत्र नाही, कागदावर पेनाने खूण करायची. बोटाला शाईही लावत नाहीत, त्यामुळे पुण्याला पाठवायच्या फोटोत दाखवण्यासारखे काही उरले नाही.

खरी तयारी हवी ती मतपत्रिकेसाठी. १९९६ पासून लागू असलेल्या ‘एमएमपी’ पद्धतीत प्रत्येकाला दोन मते असतात : एक पक्षाला, दुसरे मतदारसंघातील उमेदवाराला. आपल्याकडच्या सवयीने उमेदवाराचे मत मोठे आणि पक्षाचे मत जोडीला दिलेले वाटते. प्रत्यक्षात संसदेत कोणाचे किती सदस्य असावेत हे प्रामुख्याने पक्षमतांवर ठरते. पक्षाने जिंकलेले मतदारसंघ त्याच्या वाट्यातून वजा होतात आणि उरलेल्या जागा त्याने आधी जाहीर केलेल्या उमेदवारांच्या यादीतून भरल्या जातात. वाटा मिळण्यासाठी पाच टक्के पक्षमते किंवा निदान एक मतदारसंघ जिंकावा लागतो. वाट्यापेक्षा जास्त मतदारसंघ जिंकले, तर संसदच तेवढी फुगते : २०२३ मध्ये ‘ते पाती माओरी’ पक्षाला पक्षमतांनुसार चारच जागा मिळायच्या होत्या, पण त्याने सहा मतदारसंघ जिंकल्यामुळे १२० ऐवजी १२२ जागा झाल्या. हे गणित केंद्रावर रांगेत उभे राहून डोक्यात शिरणार नाही.

निकालाची सवय मात्र मला अजून झालेली नाही. त्या रात्री कळतो तो प्राथमिक कल. बाहेरगावच्या आणि परदेशातल्या मतदारांची विशेष मते मोजून अंतिम निकाल ३ नोव्हेंबरला लागला आणि त्यात काही जागा इकडच्या तिकडे झाल्या.

सेवेला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. राहिलेला अर्धा गुण एका बदलासाठी कापला आहे : २०२३ मध्ये मतदानाच्या दिवशीही नावनोंदणी करता येत होती, ती सोय आता कायद्याने बंद झाली आहे. यंदा आगाऊ मतदान सुरू होण्यापूर्वीच नाव यादीत असले पाहिजे, तेव्हा ज्यांची नोंदणी राहिली असेल त्यांनी ती आताच उरकून घ्यावी.